ईस्टरचा रविवार चंद्र ठरवतो की पंचांग?

बालमित्रांनो, आज हा लेख वाचायला बसण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका काढून जवळ घ्या. जुनी एखादी जपून ठेवलेली असेल तर तीही घ्या. आता मला सांगा, नाताळ कधी असतो? तुम्ही दिनदर्शिका न उघडताच म्हणाल, २५ डिसेंबरला! बरोबर. पण ईस्टर कधी असतो? इथे मात्र पानं उलटावी लागतात. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला होता, २०२५ साली २० एप्रिलला, आणि २०२६ सालचा ईस्टर ५ एप्रिलला. कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलच्या शेवटी. एकाच येशू ख्रिस्ताच्या आयुष्यातले हे दोन सण, मग एकाची तारीख खुंटीला बांधल्यासारखी पक्की आणि दुसऱ्याची अशी उड्या मारणारी का?

याचं उत्तर ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या एका सणात दडलं आहे. तो सण ज्यू लोकांचा. आणि गंमत म्हणजे हा सण आपल्या कोकणातही शेकडो वर्षं साजरा होत आला आहे, बरं का! चला तर, मुळापासून सुरुवात करू.

सर्वांत लहान मुलाचे प्रश्न

ज्यू लोकांचे पूर्वज एके काळी इजिप्त देशात गुलाम होते, विटा पाडण्याचं आणि बांधकामाचं काम त्यांच्याकडून सक्तीने करून घेतलं जाई, असं बायबलच्या जुन्या करारात सांगितलं आहे. मोशे नावाच्या पुढाऱ्याने त्यांना तिथून सोडवलं. इजिप्तचा राजा फारो ऐकेना, तेव्हा त्याच्या देशावर एकामागून एक दहा संकटं आली. शेवटचं संकट मृत्यूचं होतं. त्या रात्री ज्या घरांच्या दाराला कोकराचं रक्त लावलेलं होतं, ती घरं मृत्यूने ओलांडली आणि तो पुढे गेला, अशी ती कथा. म्हणून या सणाला हिब्रू भाषेत ‘पेसाह’ म्हणतात आणि मराठी बायबलमध्ये त्याला फार छान शब्द आहे : वल्हांडण. ओलांडणे आणि वल्हांडणे, ऐकलंत ना किती जवळचे शब्द आहेत!

लोक इतक्या घाईने निघाले, की भाकरीचं पीठ आंबून फुगायलाही वेळ मिळाला नाही. त्याची आठवण म्हणून या सणात आंबवलेलं काहीही खात नाहीत. पिठात पाणी घातल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून झालेली पातळ, कोरडी भाकरी खायची. तिला ‘मात्सा’ म्हणतात. जेवणात कडू पाला असतो, तो गुलामगिरीच्या कडूपणासाठी. मिठाचं पाणी असतं, ते डोळ्यांतल्या पाण्यासाठी. फळांचं किंवा खजुराचं गोड चाटण असतं, ते विटांसाठी कालवलेल्या चिखलाची आठवण म्हणून.

आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट तर पुढेच आहे. या जेवणाच्या सुरुवातीला घरातलं सर्वांत लहान मूल उठतं आणि मोठ्यांना चार प्रश्न विचारतं. आजच भाकरी अशी का, आजच कडू पाला का, असे ते प्रश्न. मग मोठी माणसं सगळी हकिगत सांगतात. प्रश्न विचारल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही! वर्गात हात वर करायला लाजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हा सण येतो निसान महिन्याच्या पौर्णिमेला. चौदावा दिवस मावळला की रात्री हे जेवण, आणि पंधरावा दिवस सणाचा पहिला दिवस. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल. निसान म्हणजे साधारण आपला चैत्र. त्या प्रदेशात तेव्हा वसंत ऋतू असतो आणि शेतात जव पिकतो. म्हणजे या सणाला दोन अटी आल्या : पौर्णिमा हवी, आणि वसंत ऋतूही हवा.

त्याच आठवड्यात

आता येशूकडे वळू. येशू स्वतः ज्यू होता. वल्हांडण सणासाठी दूरदूरचे लोक जेरुसलेमला जात, तसा तोही आपल्या शिष्यांना घेऊन गेला. तिथे त्याने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन केलं, त्याला अटक झाली, शुक्रवारी त्याला क्रुसावर खिळलं आणि रविवारी तो पुन्हा उठला, असं ख्रिस्ती लोक मानतात. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन, असा तो तिसरा दिवस. हाच ईस्टरचा रविवार.

मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ते शेवटचं भोजन म्हणजेच वल्हांडणाचं भोजन असं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र भोजनाच्या आधीच, सणाच्या तयारीच्या दिवशी येशूला क्रुसावर दिलं असं आहे. असा एका दिवसाचा फरक असला, तरी चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे : हे सगळं वल्हांडण सणाच्या वेळी घडलं. नाताळच्या तारखेविषयी बायबलमध्ये काहीच नाही, ती पुढे ठरवली गेली. ईस्टरचा काळ मात्र सणाला जोडलेला आहे, आणि तो सण चंद्राला जोडलेला आहे. म्हणून ईस्टर हलतो आणि नाताळ हलत नाही.

हे नातं शब्दांतही उतरलं आहे. ‘ईस्टर’ हा इंग्रजी शब्द वेगळ्याच कुळातला. पण ग्रीक आणि लॅटिनमध्ये या सणाला ‘पास्का’ म्हणतात. तो ‘पेसाह’वरूनच आला. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, पोर्तुगीज या सगळ्या भाषांत त्याच शब्दाची भावंडं आहेत. गोव्याच्या कोकणीत तर ‘पास्कांचें फेस्त’ असंच म्हणतात. म्हणजे मोशेच्या गोष्टीतला हिब्रू शब्द थेट मांडवीच्या काठापर्यंत येऊन पोचला!

वल्हांडणाची आणखी एक जोडगोळी आहे. ज्यू लोक वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून एकेक दिवस मोजत जातात आणि पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या सुगीचा सण करतात. त्याचं हिब्रू नाव ‘शावुओत’, म्हणजे सप्तकांचा सण. ख्रिस्ती लोकही ईस्टरपासून पन्नास दिवस मोजून ‘पेंटेकॉस्ट’ साजरा करतात. पेंटेकॉस्ट या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘पन्नासावा’. २०२६ साली शावुओत २२ मेला आणि पेंटेकॉस्ट २४ मेला. मोजणी एकच, सुरुवात दोन-तीन दिवसांनी पुढे-मागे.

दोन म्हाताऱ्यांचं भांडण, आणि मैत्री

पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांपुढे मोठा प्रश्न पडला. हा सण नेमका कधी करायचा? आशिया मायनरमधले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले ख्रिस्ती म्हणत, ज्यूंचा निसानचा चौदावा दिवस धरा, मग वार कोणताही असो. रोममधले म्हणत, छे, रविवारच हवा!

सुमारे इसवी सन १५५ मध्ये स्मर्ना गावचे वृद्ध बिशप पॉलिकार्प मुद्दाम रोमला गेले आणि तिथले बिशप अनिसेटस यांना भेटले. दोघांनी आपापलं म्हणणं मांडलं. पॉलिकार्प म्हणाले, आमच्या गुरूंनी आम्हाला असंच शिकवलं. अनिसेटस म्हणाले, आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांची रीत ही अशी. कोणीच हटेना. मग पुढे काय झालं असेल? मारामारी? नाही. अनिसेटस यांनी आपल्या प्रार्थनामंदिरात उपासना चालवण्याचा मान पॉलिकार्प यांनाच दिला आणि दोघं प्रेमाने एकमेकांचा निरोप घेऊन आपापल्या वाटेला लागले. मतभेद तसाच राहिला, पण मन दुखावलं नाही. मधल्या सुट्टीत क्रिकेटमध्ये आउट की नॉटआउट यावरून आठ-आठ दिवस अबोला धरणाऱ्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी!

शेजाऱ्याला विचारायचं नाही

पुढे इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया गावी बिशपांची मोठी परिषद भरवली. तिथे ठरलं, की सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी करायचा. आणखी एक ठरलं. तोवर बरेच ख्रिस्ती लोक शेजारच्या ज्यूंना विचारत, ‘काय हो, यंदा तुमचा निसान महिना कधी?’ आणि त्यावरून आपला सण धरत. आता ते बंद. ख्रिस्ती लोकांनी आपलं गणित आपणच करायचं.

आपलं गणित आपण करणं यात वाईट काहीच नाही. पण त्या वेळी सम्राटाच्या नावाने जे पत्र सगळीकडे धाडलं गेलं, त्यात ज्यूंविषयी कठोर आणि अपमानाचे शब्द होते. मुलांनो, हे मी मुद्दाम सांगते आहे. सणाची तारीख वेगळी करणं एक, आणि शेजाऱ्याला तुच्छ मानणं दुसरं. युरोपात पुढे अनेक शतकं हे दुसरं वाढत गेलं. येशूला मारल्याचा दोष सगळ्या ज्यूंवर ठेवला जाई आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ज्यू लोकांना घराबाहेर पडायची भीती वाटे. ज्यांच्या सणातून आपला सण आला, त्यांनाच त्या सणाच्या दिवसांत भ्यावं लागावं, याहून वाईट काय? अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी रोमच्या कॅथलिक चर्चने जाहीर केलं, की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येणार नाही. निकेयाच्या परिषदेपासून हे जाहीर व्हायला सोळाशे चाळीस वर्षं गेली.

एकोणीस वर्षांचं गुपित

आता येऊ गणिताकडे. घाबरू नका, सोपं आहे.

चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष सुमारे ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट! ती भरली नाही तर वसंतातला सण हळूहळू मागे सरकत थंडीत जाईल, मग पावसाळ्यात. मुसलमानांच्या हिजरी वर्षात ही तूट भरतच नाहीत, म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. आपण काय करतो? गेल्या खेपेस पाहिलं ना, अधिकमास घालतो. ज्यू लोकही अगदी हेच करतात. त्यांचा अदार महिना काही वर्षी दोनदा येतो, पहिला अदार आणि दुसरा अदार.

जुन्या काळी जेरुसलेममधले जाणते लोक शेतातला जव पिकला की नाही हे पाहून तेरावा महिना जाहीर करत. नवा चंद्र दिसल्याची साक्ष द्यायला माणसं येत आणि डोंगरांवर जाळ पेटवून गावोगाव निरोप पोचवला जाई. पुढे ज्यू लोक देशोदेशी पांगले, तेव्हा या सगळ्याचा पक्का हिशेब बसवला गेला. एकोणीस सौरवर्षं म्हणजे जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास. करा बरं गुणाकार : १९ गुणिले १२ किती? २२८. मग २३५ व्हायला किती कमी पडले? सात! म्हणून ज्यूंच्या दर एकोणीस वर्षांत सात वर्षं तेरा महिन्यांची असतात. आपले अधिकमासही एकोणीस वर्षांत साधारण सातच येतात. नियम वेगळा, आकाश एक, म्हणून उत्तर एक.

ख्रिस्ती लोकांनीही हेच एकोणीस वर्षांचं चक्र घेतलं आणि ईस्टरचा नियम असा बसवला : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरा. तिच्यानंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. २१ मार्च का, तर तेव्हा दिवस आणि रात्र सारखे असतात आणि तिथून वसंत धरला. म्हणजे बघा, पौर्णिमा आणि वसंत या वल्हांडणाच्याच दोन्ही अटी इथे आल्या. त्यात रविवार ही तिसरी जोडली, इतकंच. या नियमाने ईस्टर २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही. २२ मार्चला तो १८१८ साली आला होता, पुन्हा २२८५ साली येईल. २५ एप्रिलला १९४३ साली आला होता, आता २०३८ साली येईल. तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल, मोजा!

तुम्हीच काढा ईस्टर

ही पौर्णिमा आकाशात बघून धरत नाहीत, तक्त्यातून घेतात. तो तक्ता खाली देते. इसवी सन १९०० ते २१९९ पर्यंत तो चालतो. सालाला १९ ने भागा आणि बाकी काढा. त्या बाकीपुढे पौर्णिमेची तारीख आहे.

बाकी ० : १४ एप्रिल
बाकी १ : ३ एप्रिल
बाकी २ : २३ मार्च
बाकी ३ : ११ एप्रिल
बाकी ४ : ३१ मार्च
बाकी ५ : १८ एप्रिल
बाकी ६ : ८ एप्रिल
बाकी ७ : २८ मार्च
बाकी ८ : १६ एप्रिल
बाकी ९ : ५ एप्रिल
बाकी १० : २५ मार्च
बाकी ११ : १३ एप्रिल
बाकी १२ : २ एप्रिल
बाकी १३ : २२ मार्च
बाकी १४ : १० एप्रिल
बाकी १५ : ३० मार्च
बाकी १६ : १७ एप्रिल
बाकी १७ : ७ एप्रिल
बाकी १८ : २७ मार्च

एक उदाहरण करू. २०२६ भागिले १९, भागाकार १०६, बाकी १२. तक्त्यात १२ पुढे २ एप्रिल. २०२६ साली २ एप्रिलला गुरुवार, म्हणून त्यानंतरचा रविवार ५ एप्रिल. आलं ना उत्तर? आता दिनदर्शिकेत बघा, त्याच २ एप्रिल २०२६ ला हनुमान जयंती, म्हणजे चैत्री पौर्णिमा आहे. आणि ज्यूंच्या वल्हांडणाचा पहिला दिवसही २ एप्रिलच, आदल्या संध्याकाळपासून सुरू होणारा. एका चंद्राखाली तीन सण!

आणखी एक गंमत. तक्ता वरून खाली वाचत चला. तारीख साधारण अकरा दिवसांनी मागे येते आणि मधूनच एकदम पुढे उडी मारते. अशा उड्या किती आहेत, मोजा. शेवटच्या ओळीवरून पुन्हा पहिल्या ओळीवर जातानाची उडी धरायला विसरू नका. सात आल्या का? तेच सात जास्तीचे महिने!

मग कधी कधी महिन्याचा फरक का?

चौकस मुलं आता विचारतील : बाई, २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला होता आणि वल्हांडणाचा पहिला दिवस २३ एप्रिलला. आधी वल्हांडण, मग ईस्टर असं असायला हवं ना? इथे तर ईस्टर तीन आठवडे आधीच झाला!

छान शंका आहे. दोन्ही हिशेबांत सात जास्तीचे महिने आहेत, पण ते घालण्याची जागा काही वेळा वेगळी. ज्यूंनी २०२४ चं वल्हांडण येण्याआधीच तेरावा महिना घातला. चर्चच्या तक्त्यात ती उडी एक वर्षाने, २०२५ ला येते. (बाकी १० आणि बाकी ११ बघा.) म्हणून २०२४ साली ईस्टरने फाल्गुनी पौर्णिमा धरली, होळीनंतरचा रविवार, आणि वल्हांडणाने चैत्री पौर्णिमा, त्याच दिवशी आपली हनुमान जयंती. एकोणीस वर्षांत असं तीनदा होतं. २०१६ साली झालं, २०२४ साली झालं आणि २०२७ सालाचंही तसंच : ईस्टर २८ मार्च, वल्हांडण २२ एप्रिल.

तक्ता आणि आकाश यांचीही कधी कधी चुकामूक होते. २०१९ साली दिवस-रात्र समान झाल्यावर काही तासांतच खरी पौर्णिमा झाली. आकाशाकडे बघून ठरवलं असतं, तर ईस्टर मार्चमध्येच आला असता. पण तक्त्याने पुढची पौर्णिमा धरली आणि ईस्टर झाला २१ एप्रिलला.

एका सणासाठी दहा दिवस गायब

या तारखेपायी जगाने काय काय केलं, ते ऐका. इसवी सन ५२५ मध्ये डायोनिसियस नावाच्या साधूने रोममध्ये ईस्टरच्या तारखांचे तक्ते केले. ते करताना वर्षं कशी मोजायची म्हणून त्याने येशूच्या जन्मापासून वर्षं मोजली. तोच आपला इसवी सन! तुम्ही रोज वहीच्या कोपऱ्यात जे साल लिहिता, ते ईस्टरच्या तक्त्यातून आलं आहे.

त्या काळचं वर्ष बरोबर सव्वातीनशेपासष्ट दिवसांचं, म्हणजे ३६५ दिवस आणि ६ तासांचं धरत. खरं सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? पण थेंबे थेंबे तळे साचे. १५८२ सालापर्यंत दहा दिवसांचा घोटाळा झाला होता. दिवस-रात्र २१ मार्चऐवजी ११ मार्चलाच समान होऊ लागले, आणि ईस्टर वसंतापासून दूर सरकू लागला. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर १५८२ असेल असं फर्मान काढलं. मधले दहा दिवस दिनदर्शिकेतून गेलेच! ब्रिटन आणि त्याच्या ताब्यातल्या प्रदेशांनी हा बदल १७५२ साली स्वीकारला. आज आपल्या भिंतीवर आहे ती हीच ग्रेगरियन दिनदर्शिका.

ग्रीस, रशिया, इजिप्त वगैरे देशांतली अनेक पूर्वेकडची चर्च अजून ईस्टरसाठी जुनाच हिशेब धरतात. म्हणून त्यांचा ईस्टर बहुतेकदा नंतर येतो. २०२४ साली तो ५ मेला होता. २०२५ साली मात्र सगळ्यांचा एकाच दिवशी, २० एप्रिलला आला.

आणि आपल्या शेजारी गोव्याचं काय? ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, तो ईस्टरच्या ४६ दिवस आधी. त्याच्या आधीचे शनिवार ते मंगळवार असे चार दिवस गोव्यात कार्निव्हल. २०२४ साली तो १० ते १३ फेब्रुवारीला होता, २०२६ साली १४ ते १७ फेब्रुवारीला. म्हणजे पणजीच्या रस्त्यावरून चित्ररथ कधी निघणार, हे शेवटी वसंतातल्या एका पौर्णिमेवर अवलंबून!

कोकणातलं वल्हांडण

रायगड जिल्ह्यात अलिबाग, नागाव, पेण या भागात शतकानुशतकं एक मराठी बोलणारा ज्यू समाज राहत आला आहे. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांचे पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, त्यांतले सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांच्यात कथा आहे. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावंही पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी, आपल्यासारखीच गावावरून पडलेली.

आता त्यांच्या सणांची जुनी मराठी नावं ऐका. वल्हांडणाच्या महिनाभर आधी, अदारच्या पौर्णिमेच्या सुमारास ज्यूंचा ‘पुरीम’ येतो. बेने इस्राएल त्याला म्हणत ‘होळीचा सण’! कारण तो होळीच्या आसपासच येतो. २०२४ साली तर दोन्ही एकाच दिवशी, २४ मार्चला होते. आणि वल्हांडणाला नाव होतं ‘अनाशी ढाकाचा सण’. चटणीसारखा वापरायचा आंबट रस ज्या भांड्यात असे, ते या सणात झाकून ठेवत, कारण आंबलेलं काही चालत नाही. त्यावरून हे नाव. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, ‘हगादा’, मराठी भाषांतरासह छापलं गेलं. त्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका मात्सा करताना दिसतात.

१९४८ साली इस्राएल देश झाल्यावर या समाजातले बरेच लोक तिकडे गेले. पण त्यांच्यातले वृद्ध आजही तिथे मराठी बोलतात. युरोपातल्या ज्यूंना ईस्टरच्या दिवसांत भीती वाटे, असं वर सांगितलं. बेने इस्राएल लोकांना कोकणात धर्मावरून कोणी छळलं नाही, असं ते स्वतः अभिमानाने सांगतात. हा लौकिक आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी मिळवलेला आहे. तो टिकवायचं काम मात्र दरवर्षी नव्याने करावं लागतं, आणि ते तुमचं-माझं आहे.

पालकांनो, मुलांबरोबर एक करून बघा. आपल्या वस्तीत, कचेरीत, चाळीत किंवा ओळखीत ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, पारशी, बौद्ध, जैन कुटुंब असेल, तर मुलांना त्यांच्याकडे विचारायला पाठवा : ‘काका, यंदा तुमचा सण कधी आहे? आणि तो तेव्हाच का असतो?’ निकेयाच्या परिषदेनंतर जो प्रश्न विचारायचा बंद झाला, तो आपण पुन्हा सुरू करू. फराळाचं ताट त्याच्या मागोमाग येतंच!

या आठवड्याचा अभ्यास

१) २०३० सालचा ईस्टर काढा. त्या वर्षी १७ एप्रिलला बुधवार आहे.
२) २०११ सालचा ईस्टर काढा. सावधान! त्या वर्षी १७ एप्रिलला रविवार होता.
३) तुमच्या जन्माच्या वर्षी ईस्टर कधी होता?

उत्तरं आधी वहीत लिहा, मगच खाली बघा. चोरून बघणाऱ्याला बाकी शून्य!

(उत्तरं : १. २१ एप्रिल. २. २४ एप्रिल. ३. हे उत्तर आईबाबांकडून तपासून घ्या, आणि त्यांच्या जन्मवर्षाचा ईस्टर त्यांना काढायला लावा.)